वारा वजा जाता

२२ जानेवारी २०२० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात हिवाळी युवा ऑलिम्पिकचा समारोप झाला. तिथून साठेक किलोमीटरवर, त्याच सरोवराच्या टोकाला जिनिव्हात, जागतिक आरोग्य संघटनेची आणीबाणी समिती वुहानमधल्या नव्या विषाणूवर पहिल्यांदा बसली होती. दोन दिवस खल झाला, मतं विभागली गेली आणि आणीबाणी जाहीर न करताच समिती उठली. अटलांटिकपलीकडे बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या लॉरेन गार्डनर आणि त्यांचा विद्यार्थी एनशेंग डोंग यांनी त्याच दिवशी काळ्या पार्श्वभूमीवर लाल ठिपक्यांचा एक नकाशा सर्वांसाठी खुला केला. ७९ देशांतली मुलं सामान बांधून घरी निघाली, आणि दुसऱ्या दिवशी वुहान बंद झालं.

या तीन घटनांचा परस्परांशी संबंध आहे, असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. आठवडाभरात तो दिसू लागला. बीजिंगजवळच्या यानचिंगमध्ये, २०२२ च्या ऑलिम्पिकसाठी तयार झालेल्या डोंगरउतारावर, फेब्रुवारीच्या मध्यात पुरुषांच्या विश्वचषक शर्यती व्हायच्या होत्या. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २९ जानेवारीला त्या रद्द केल्या आणि ऑस्ट्रियात झालबाखला हलवल्या. चीनमधून ऑस्ट्रियात, म्हणजे धोक्यातून सुरक्षित जागी. निदान तेव्हाचा समज तसा होता.

पुढचे तीन हिवाळे बर्फावरच्या खेळांचा चाहता दोन खिडक्या उघड्या ठेवून बसला. एका खिडकीत शर्यतींचे निकाल, दुसऱ्या खिडकीत रुग्णसंख्येचे आलेख. दोन्हीकडे देशांचे झेंडे, दोन्हीकडे क्रमवारी, दोन्हीकडे रोज तुटणारे उच्चांक. तक्ते इतके सारखे दिसत होते की एक वाचायची सवय आपसूक दुसऱ्याला लागली. कोण पुढे, कोण मागे, कुणाचं सरकार हरलं, कुणाचं जिंकलं. खरी फसगत झाली ती इथे. हिवाळी खेळांत आकडा वाचण्याची एक शिस्त असते, आणि ती शिस्त सोडून बाकी सगळं साथीच्या तक्त्याने उचललं.

आधी इश्गलची गोष्ट, कारण क्रमवारीचा पहिला पराभव तिथे झाला. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातल्या पात्सनाउन खोऱ्यातलं हे सोळाशे वस्तीचं गाव. हिवाळ्यात इथे लोकसंख्येच्या कित्येक पट पर्यटक असतात. दिवसभर उतारावर घसरायचं आणि दुपारी चारनंतर जड बूट पायात तसेच ठेवून बारमध्ये शिरायचं. खांद्याला खांदा, मोठ्याने लावलेली गाणी, त्यावरून ओरडून बोलणं, एकाच पेल्यात चेंडू टाकायचा खेळ आणि मग तोच पेला तोंडाला. श्वसनमार्गातून पसरणाऱ्या विषाणूला याहून सोयीची जागा मुद्दाम बांधूनही मिळाली नसती.

फेब्रुवारीच्या अखेरीस तिथून परतलेल्या आइसलँडच्या पर्यटकांत एकामागून एक बाधित सापडले. ५ मार्चला आइसलँडने इश्गलला थेट धोकादायक भागांच्या यादीत टाकलं. त्याआधी त्या यादीत चीन, इराण, इटली अशी नावं होती. टिरोलच्या आरोग्य खात्याचं म्हणणं पडलं की ही मंडळी बहुधा परतीच्या विमानातच बाधित झाली असावीत. ७ मार्चला गावातल्या एका बारमधला कर्मचारी पॉझिटिव्ह निघाला. त्याच्यापासून गिऱ्हाइकांना लागण होणं वैद्यकीयदृष्ट्या फारसं संभवत नाही, असं खात्याने ८ मार्चला सांगितलं. हंगाम ऐन भरात होता हे लक्षात घेतलं की त्या वाक्याचा अर्थ लागतो. १३ मार्चला दुपारी चॅन्सेलर सेबास्टियान कुर्त्स यांनी खोरं बंद केल्याची घोषणा केली आणि त्याच संध्याकाळी हजारो पर्यटक गाड्या काढून बाहेर पडले. नॉर्वे, डेन्मार्क, जर्मनी, ब्रिटन अशा सगळ्या वाटांनी विषाणू घरोघरी गेला.

इन्सब्रुकच्या वैद्यकीय विद्यापीठाने एप्रिलमध्ये गावकऱ्यांचं रक्त तपासलं. ४२.४ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली. यातल्या बहुतेकांना आपल्याला काही होऊन गेल्याचा पत्ताही नव्हता. कील इथल्या अर्थशास्त्र संस्थेच्या अभ्यासकांनी पुढे जर्मनीतल्या जिल्ह्यांची आकडेवारी मांडली, तेव्हा जिल्हा रस्त्याने इश्गलच्या जितका जवळ, तितकं तिथलं संसर्गाचं प्रमाण जास्त असं चित्र निघालं.

या सगळ्यात देशवार तक्ता काय सांगत होता? ५ मार्चला ऑस्ट्रियाच्या नावापुढे काही डझन रुग्ण होते. जागतिक क्रमवारीत ऑस्ट्रिया इटलीच्या आणि इराणच्या कितीतरी खाली. तक्ता खोटं बोलत नव्हता. ज्यांची चाचणी झाली त्यांत इतकेच सापडले होते. पण तक्ता देश मोजत होता आणि विषाणू दऱ्याखोऱ्यांतून, स्कीच्या सुट्ट्यांच्या वेळापत्रकाने फिरत होता. यानचिंगची शर्यत रद्द करण्याइतकी दूरदृष्टी असलेल्या खेळाला स्वतःच्या अंगणातली दरी दिसली नाही. इटलीतल्या दक्षिण टिरोलमध्ये आंथोल्त्सला बायथलॉनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २३ फेब्रुवारीला प्रेक्षकांच्या गर्दीत संपली, आणि त्याच दिवशी इटली सरकारने लॉम्बार्डी व व्हेनेतोतली ११ गावं बंद केली. त्यानंतरही आल्प्समधले बार दोन आठवडे गजबजलेले होते.

मार्चच्या पूर्वार्धात मग सगळंच कोसळलं. हॅलिफॅक्समधली महिलांची जागतिक आइस हॉकी, माँट्रियलमधली फिगर स्केटिंग, कोर्तिनातली आल्पाइन अंतिम फेरी, सारं रद्द. फिनलंडमधल्या कोंतिओलाहतीला बायथलॉनपटूंनी रिकाम्या स्टेडियममध्ये १४ मार्चला हंगाम गुंडाळला. शेवटची शर्यत फ्रान्सच्या मार्टिन फुर्कादने जिंकली आणि तिथेच निवृत्ती घेतली. पण एकूण विजेतेपद दोन गुणांनी नॉर्वेच्या योहानेस थिंग्नेस बोकडे गेलं. ओस्लोची ठरलेली फेरी झाली असती तर ते दोन गुण टिकले असते का? स्वीडनमध्ये ओरेला अमेरिकेची आल्पाइन स्कीपटू मिकाएला शिफ्रिन वडिलांच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा शर्यतीत उतरणार होती, तोवर त्या शर्यतीही रद्द झाल्या आणि फेडेरिका ब्रिन्योने ही विश्वचषकाचं सर्वसाधारण विजेतेपद मिळवणारी पहिली इटालियन महिला ठरली. जिंकली तेव्हा तिचा देश घरात कोंडलेला होता.

खेळाच्या नोंदवहीची एक चांगली खोड अशी की ती असे प्रसंग लपवत नाही. स्टॅनले चषकाच्या १९१९ च्या अंतिम मालिकेत सिअ‍ॅटल आणि माँट्रियल बरोबरीत होते. निर्णायक सामन्याच्या दिवशी, १ एप्रिलला, माँट्रियलचे अर्ध्याहून अधिक खेळाडू इन्फ्लुएंझाने अंथरुणाला खिळले होते. मालिका सोडून द्यावी लागली आणि चारच दिवसांत माँट्रियलचा बचावपटू जो हॉल सिअ‍ॅटलच्या रुग्णालयात वारला. त्या वर्षी विजेता नाही. चषकावर दोन्ही संघांची नावं आहेत आणि मालिका पूर्ण झाली नाही असं कोरलेलं आहे. शंभर वर्षांनंतर वाचणाऱ्यालाही त्या जागेवर थांबावं लागतं.

२०२०-२१ च्या हिवाळ्यात निकालांच्या तक्त्यात थांबण्याच्या अशा जागा पावलोपावली आल्या. नॉर्वेने आपले क्रॉस-कंट्री स्कीपटू डिसेंबरच्या दावोस फेरीपासूनच घरी ठेवले. नववर्षातल्या टूर दे स्की मालिकेतही ते नव्हते. अमेरिकेची जेसी डिगिन्स ती मालिका जिंकणारी पहिली अमेरिकी ठरली. तिची जिद्द वादातीत आहे, पण निकाल वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं की नॉर्वेची अव्वल स्कीपटू तेरेसे योहाउग त्या वेळी घरी होती. डिगिन्सचं यश कुणी नाकारलं नाही आणि योहाउगची गैरहजेरीही कुणी विसरलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवता येतात.

त्याच सुमारास बव्हेरियातल्या ओबर्स्टडॉर्फला जे घडलं, ते तर चाचण्यांच्या पाठ्यपुस्तकात घालण्यासारखं आहे. स्की जंपिंगची ‘फोर हिल्स’ ही मालिका दरवर्षी नाताळानंतर सुरू होते. २८ डिसेंबर २०२० ला, पात्रता फेरीच्या दिवशी, पोलंडच्या क्लेमेन्स मुरांकाची चाचणी पॉझिटिव्ह आली. स्थानिक आरोग्य विभागाने संपूर्ण पोलिश संघालाच बाहेर काढलं. गतविजेता डाविड कुबात्स्की आणि दोनदा जिंकलेला कामिल स्टोखही त्यात आले. पात्रता फेरी त्यांच्याशिवाय पार पडली. मग फेरचाचण्या झाल्या आणि मुरांकासह सगळे निगेटिव्ह निघाले. दुसऱ्या दिवशी पंचांनी आदल्या दिवशीची पात्रता फेरी रद्दबातल ठरवली, नेहमीच्या पन्नासांऐवजी सर्व ६२ जणांना उडी मारू दिली आणि पोलंडचा संघ परत आला. ६ जानेवारीला मालिका संपली तेव्हा विजेता होता कामिल स्टोख. दुसरा आलेला जर्मनीचा कार्ल गाइगर डिसेंबरातच बाधित होऊन विलगीकरणात राहून आला होता.

म्हणजे एका नळीतल्या नमुन्याच्या निकालाने जगातल्या सर्वांत प्रतिष्ठित मालिकेचा विजेता बदलला असता. खेळाकडे ही चूक दुरुस्त करण्याची सोय होती: फेरचाचणी, पंच, आणि निर्णय फिरवण्याचं धैर्य. देशांच्या रोजच्या आकडेवारीत अशा किती चाचण्या आल्या-गेल्या आणि त्यांना कोणता पंच मिळाला, हे विचारायला तेव्हा कुणाला सवड नव्हती.

मोजण्याचा सर्वांत मोठा प्रयोग फेब्रुवारी २०२२ मध्ये बीजिंगला झाला. ऑलिम्पिकचा सगळा कारभार बंदिस्त वर्तुळात: विमानतळ, निवास, बस, मैदानं, सगळं शहरापासून तोडलेलं. ऑलिम्पिकच्या गाडीला अपघात झाला तरी नागरिकांनी मदतीला जवळ जाऊ नये, अशी सूचना शहराच्या वाहतूक विभागाने काढली होती. आतल्या प्रत्येकाच्या घशातला नमुना रोज घेतला जात होता. दहा लाखांहून अधिक चाचण्यांमध्ये सव्वाचारशेहून थोडे अधिक बाधित सापडले, आणि त्यांतले पुष्कळसे विमानतळावर उतरतानाच.

या बंदिस्त वर्तुळातही ‘बाधित’ कुणाला म्हणायचं, हे ठरवावं लागलं. पीसीआर चाचणीत विषाणूचा अंश दिसेपर्यंत नमुन्याच्या किती फेऱ्या कराव्या लागल्या, तो आकडा म्हणजे सी-टी व्हॅल्यू. आकडा मोठा, तितका विषाणू कमी. आधी आयोजकांनी ४० च्या खालचं सगळं पॉझिटिव्ह धरलं होतं. स्पर्धा तोंडावर आल्यावर ही मर्यादा ३५ वर आणली. प्रत्येक फेरीत नमुना साधारण दुप्पट होतो, म्हणजे पाच फेऱ्यांचा फरक बत्तीसपटीचा. एका परिपत्रकाने काही खेळाडू बाधितांच्या यादीतून संपर्कातल्यांच्या यादीत गेले. विषाणू होता तिथेच होता. महाराष्ट्राला हा वाद नवा नव्हता. दुसऱ्या लाटेच्या तोंडावर राज्य सरकारने ही मर्यादा २४ करता येईल का, अशी विचारणा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे (आयसीएमआर) केली होती. एप्रिल २०२१ मध्ये उत्तर आलं की मर्यादा ३५ च राहील, कारण २४ केली तर संसर्ग पसरवू शकणारे बरेच रुग्ण सुटतील. मर्यादा बदलली असती तर मुंबई-पुण्याचा आलेख एका रात्रीत खाली आला असता आणि कुणीतरी त्याचं श्रेयही घेतलं असतं.

बीजिंगमध्ये एका रेषेच्या अलीकडे-पलीकडे माणसं कशी फिरत होती ते पाहण्यासारखं होतं. भारताचा एकमेव खेळाडू, गुलमर्गच्या उतारांवर वाढलेला आरिफ खान, पोहोचला तेव्हा त्याच्या पथकाच्या व्यवस्थापकाची चाचणी विमानतळावर पॉझिटिव्ह आली आणि मग फेरचाचणी निगेटिव्ह. पोलंडची शॉर्ट ट्रॅक स्केटर नतालिया मालिशेव्स्का विलगीकरणातून सुटली, पुन्हा आत गेली आणि तिची ५०० मीटरची शर्यत तिच्याशिवाय झाली. ७ फेब्रुवारीला कॅनडा आणि रशियाच्या महिला हॉकी संघांचा सामना तासाभराहून अधिक उशिरा सुरू झाला, कारण रशियन संघाचे चाचणी अहवाल आले नव्हते. शेवटी दोन्ही संघ मुखपट्ट्या लावून बर्फावर उतरले. कॅनडाने ६-१ ने जिंकलेला तो सामना पाहताना श्वास प्रेक्षकाचाच कोंडत होता.

स्की जंपिंग आणि क्रॉस-कंट्री यांचा जोडखेळ असलेल्या नॉर्डिक कम्बाइंडमधला नॉर्वेचा यार्ल मॅग्नुस रीबर हा त्या खेळातला निर्विवाद सर्वोत्तम. बीजिंगला पोहोचताच पॉझिटिव्ह आला आणि पहिली शर्यत खोलीतच गेली. सुटल्यावर लगेच, १५ फेब्रुवारीला, मोठ्या टेकडीवरून त्याने अशी उडी मारली की क्रॉस-कंट्रीच्या टप्प्यात त्याला ४४ सेकंदांची आघाडी मिळाली. मग पहिल्याच फेरीअखेर तो चुकीच्या मार्गिकेत शिरला आणि वळून परत यावं लागलं. आघाडी गेली, दमही गेला. तो आठवा आला आणि सुवर्ण त्याच्याच देशाच्या योर्गेन ग्राबाकला मिळालं. या ट्रॅकवर सराव करायला त्याला वेळच मिळाला नव्हता. निकालपत्रात मात्र त्याच्या नावापुढे फक्त ‘८’ आहे.

आता नॉर्वेचाच दुसरा तक्ता पाहावा. बीजिंगमध्ये नॉर्वेने १६ सुवर्णपदकं जिंकली. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये तोवर इतकी कुणीच जिंकली नव्हती. त्याच दिवसांत ५४ लाखांच्या या देशात रोज दहा हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले जात होते. लोकसंख्येच्या प्रमाणात ते जगातल्या सर्वाधिक आकड्यांपैकी होते. आणि स्पर्धा चालू असतानाच, १२ फेब्रुवारीला, नॉर्वे सरकारने उरलेसुरले निर्बंधही उठवले. खेळाडू बीजिंगमध्ये विषाणूपासून लपत होते, घरचे लोक ओस्लोच्या बारमध्ये बसले होते. यजमान चीन मात्र रुग्णसंख्येच्या तक्त्यात जवळपास शून्यावर. त्या आठवड्याची क्रमवारी लावली तर चीन अव्वल आणि नॉर्वे नापास.

ती क्रमवारी किती दिवस टिकली? त्याच महिन्यात हाँगकाँगमध्ये पाचवी लाट उसळली आणि वसंत ऋतू सरेपर्यंत ९ हजारांहून अधिक माणसं गेली, त्यांत लस न घेतलेले वृद्ध प्रामुख्याने होते. डिसेंबरमध्ये चीनने शून्य कोविड धोरण अचानक सोडलं आणि ८ डिसेंबर ते १२ जानेवारी या पाच आठवड्यांत एकट्या रुग्णालयांतल्या सुमारे ६० हजार मृत्यूंची कबुली सरकारने दिली. नॉर्वेत निर्बंध उठले ते बहुतेक प्रौढांचं लसीकरण झाल्यावर, आणि २०२०-२१ या दोन वर्षांतले तिथले अतिरिक्त मृत्यू नगण्य म्हणावेत इतके कमी होते. फेब्रुवारीतला तक्ता चुकीचा नव्हता. त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता.

स्की जंपिंगकडे पुन्हा यायचं कारण हेच. उडीचं अंतर मोजून थेट क्रमांक लावले, तर त्या खेळात रोज अन्याय होईल. समोरून वारा आला तर तो उडी मारणाऱ्याला उचलून धरतो आणि उडी लांबते. पाठीमागून आला तर खाली दाबतो. म्हणून गेली पंधराएक वर्षं उताराच्या कडेने लावलेल्या यंत्रांनी प्रत्येक उडीच्या वेळचा वारा मोजला जातो. समोरचा वारा असेल तर गुण वजा होतात, पाठचा असेल तर मिळवले जातात. सुरुवातीचा अडसर खाली आणला तर वेग कमी मिळतो, त्याचीही भरपाई असते. १३५ मीटर उडालेला १३८ मीटरवाल्याच्या पुढे जातो आणि प्रेक्षक कुरकुर करत का होईना, ते मान्य करतात.

साथीच्या तक्त्यात वारा नव्हता असं थोडंच आहे? देशाचं सरासरी वय, दर हजारी चाचण्या, शंभर चाचण्यांमागे किती पॉझिटिव्ह, मृत्यूची नोंद होते की नाही, झाली तर कारण कोण लिहितो, हा सगळा वारा. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच सांगितलं होतं की पॉझिटिव्हचं प्रमाण पाच टक्क्यांच्या वर असेल तर साथ आवाक्यात आहे असं समजू नये. पण बातम्यांच्या पट्टीत पाच टक्के मावत नाहीत. तिथे मावतो तो एकच मोठा आकडा. जानेवारी २०२२ मध्ये ७ तारखेला मुंबईत एका दिवसात २०,९७१ रुग्ण नोंदले गेले, आणि तोवर घरच्या घरी नाकातला नमुना तपासणारी किट औषधांच्या दुकानांत मिळू लागली होती. त्यातल्या पहिल्या देशी किटसाठी पुण्याच्या मायलॅबने मान्यता मिळवली होती. किती पॉझिटिव्ह पट्ट्या कचऱ्याच्या डब्यात गेल्या याचा हिशेब लागेना, तेव्हा महापालिकेने विक्रेत्यांना गिऱ्हाइकांची नोंद ठेवायला सांगितलं. त्याच सुमारास आलेख उतरू लागला. त्यातला किती उतार विषाणूचा आणि किती किटचा?

यावर एक आक्षेप रास्त आहे. दुरुस्त्यांचं हे शहाणपण सरकारांना फार आवडतं. आपले आकडे वाईट दिसले की वय, घनता, हवामान, परदेशी प्रवासी, सगळी कारणं पुढे येतात. कच्चा आकडा निदान लाज आणतो. मार्च २०२० मध्ये आइसलँडने उघड बोट दाखवलं म्हणूनच टिरोलवर दबाव आला. आक्षेप खरा आहे, पण त्याचं उत्तरही त्याच उतारावर आहे. वाऱ्याचं सूत्र हंगाम सुरू होण्याआधी छापलेलं असतं. उडी फसल्यावर प्रशिक्षकाने येऊन ‘आज आमच्या मुलाला वेगळं सूत्र लावा’ म्हटलं तर त्याला कुणी उभं करणार नाही. साथीत देशोदेशींच्या सरकारांनी सूत्र उडीनंतर निवडलं, आणि दर लाटेला नवं निवडलं. दोष दुरुस्तीत नाही, तिच्या वेळेत आहे.

आणि हंगामाचं काय? हिवाळी खेळ आणि हिवाळी विषाणू यांची जोडी जुळवणं सोपं होतं; थंडी आली की लाट येते, एवढं सगळ्यांना पटत होतं. जून २०२० मध्ये फ्लोरिडाच्या टँपा बे भागात, रणरणत्या उन्हाळ्यात, एका बंद आइस हॉकी रिंकमध्ये हौशी खेळाडूंचा एकच सामना झाला. २२ खेळाडूंपैकी १४ आणि रिंकवरचा एक कर्मचारी बाधित झाले. बाहेरचा ऋतू कोणताही असो, बर्फाच्या त्या पेटीत हवा कोंडलेली होती. इश्गलच्या उतारावर मोकळ्या थंडीत कुणाला फारसं काही झालं नाही. झालं ते खाली, उबदार बारमध्ये. थंडीवर सगळं ढकलणाऱ्यांनी खिडक्या उघडायला उशीर लावला, हे या काळातलं महागडं अज्ञान.

मग खेळाच्या वेळापत्रकातून साथीची दिशा कळत होती का? काही प्रमाणात, हो. स्पर्धा रद्द करायला पैसे पडतात, प्रायोजक दुखावतात, तिकिटं परत करावी लागतात; म्हणून असा निर्णय येतो तेव्हा आत कुणीतरी घाबरलेलं असतं. २०२० च्या डिसेंबरात एडमंटनला ज्युनियर मुलांची जागतिक आइस हॉकी बाहेरच्या जगापासून तोडलेल्या बंद फुग्यात पार पडली. विलगीकरणामुळे खेळाडू कमी पडलेला जर्मनीचा संघ कॅनडाकडून २-१६ असा हरला, पण स्पर्धा शेवटपर्यंत गेली. पुढच्या वर्षी तीच स्पर्धा, तेच शहर. सुरू होऊन चार दिवस होतात तोच अमेरिका, चेकिया आणि रशिया यांना सामने सोडून द्यावे लागले आणि २९ डिसेंबरला सगळं गुंडाळलं. ओमिक्रॉन काय वेगाने पसरतो हे कुठल्याही आलेखाहून ठसठशीत कळलं. तरी इथेही वारा मोजायला हवाच, कारण दुसऱ्या वर्षी फुगा पहिल्याइतका घट्ट नव्हता आणि प्रेक्षकांनाही आत घेतलं होतं. दोष विषाणूच्या नव्या रूपाचा किती आणि ढिल्या फुग्याचा किती, हे त्या एका निकालावरून सांगता येत नाही.

१० मार्च २०२३ ला जॉन्स हॉपकिन्सने तो लाल ठिपक्यांचा नकाशा अद्ययावत करणं थांबवलं. बहुतेक सरकारांनी रोजचे आकडे देणंच सोडलं होतं. मोजायला काही येतच नव्हतं. त्याच दिवशी ओरेला शिफ्रिनने ८६ वी विश्वचषक शर्यत जिंकून इंगेमार स्टेनमार्कच्या विक्रमाशी बरोबरी केली आणि दुसऱ्या दिवशी ८७ वी जिंकून त्याला मागे टाकलं. तिचा आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत पडताळलेला.

मृत्यूंच्या आकड्यांना तेवढी घाई नसते. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अंदाज दिला की २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगात सुमारे १ कोटी ४९ लाख अतिरिक्त मृत्यू झाले. देशांनी कोविडचे म्हणून कळवलेले होते ५४ लाख. भारतासाठीचा तो अंदाज ४७ लाखांचा होता, अधिकृत आकडा ४ लाख ८१ हजारांचा, आणि भारत सरकारने अंदाजाची गणिती पद्धतच अमान्य केली. पद्धतीवर शंका घेता येते, घ्यावीही. पण शंका मिटवायला लागणारी देशाची स्वतःची २०२१ ची जन्म-मृत्यू नोंदणी प्रसिद्ध व्हायला मे २०२५ उजाडला. त्या अहवालानुसार २०२१ मध्ये देशात १ कोटी २ लाखांच्या आसपास मृत्यू नोंदले गेले, आदल्या वर्षीपेक्षा सुमारे २१ लाखांनी जास्त. त्याच वर्षात कोविडने झाले म्हणून सरकारने रोजच्या पत्रकांतून जाहीर केलेले मृत्यू साधारण ३ लाख ३० हजार होते.